डावीकडे वळवली की बंद

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली सकाळ. गाळ्याचं शटर अर्धंच वर गेलं होतं. दांडेकर पुलाच्या बाजूने पासष्टीचे एक गृहस्थ रेनकोटात घामाघूम होऊन यामाहा आरएक्स १०० ढकलत आले.

"मिस्त्री, ही डावीकडे वळत नाही."

"हँडलच्या बेअरिंगचा कोनसेट जाम झालाय का?"

"वळते हो. पण वळली की बंद पडते. सरळ केली, एक किक मारली की चालू. सारसबागेपासून तीनदा झालं. तिसऱ्यांदा म्हटलं, आता हिच्या मागे चालावंच."

गाडी त्यांची स्वतःची, १९९३ साली घेतलेली. आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं बनली, त्यामुळे जिच्याकडे आहे तो तिला घरातलं माणूस समजतो. आता ती मुलगा चालवतो. मागच्या हिवाळ्यात त्याने ती एका ठिकाणी नव्याने बांधून घेतली होती: सपाट, रुंद हँडल, चपटा एलईडी हेडलाइट, अॅल्युमिनियमच्या डबीतली छोटी बटणं. आणि हँडलवर एकही वायर नाही. सगळी हँडलच्या पाइपाच्या पोटातून. दिसायला गाडी खरोखर सुरेख झाली होती, हे आधीच सांगतो, कारण पुढे मी बरंच वाईट बोलणार आहे.

पहिली फेरी, जी मी चुकलो

गाडी स्टँडवर लावली, किक मारली, हँडल डावीकडे पूर्ण वळवलं. इंजिन बंद. एलईडी मात्र तसाच उजळ, हॉर्न वाजतोय, इंडिकेटर लुकलुकताहेत, फ्यूज शाबूत. म्हणजे बॅटरीच्या बाजूला काही बिघाड नाही. इंजिनाचा स्पार्क तेवढा जातोय.

ज्यांना या गाडीची रचना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. आरएक्सचा स्पार्क बॅटरीवर चालत नाही. मॅग्नेटोतली, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या छोट्या जनरेटरमधली, कॉइल सीडीआयला, म्हणजे स्पार्कची वेळ साधणाऱ्या डबीला, वीज देते आणि सीडीआय इग्निशन कॉइलला. इंजिन बंद करायचं तर सीडीआयकडून आलेली एक वायर चेसीला, म्हणजे अर्थला टेकवायची. किल्ली बंद केली की आत हेच होतं. बऱ्याच नव्या गाड्यांत उलटं असतं, तिथे बंद करायला पुरवठा तोडतात. हा फरक दुरुस्तीवाल्याने आधी डोक्यात पक्का करायला हवा. पुरवठा तोडणाऱ्या गाडीत तुटलेली वायर शोधायची, अर्थ करणाऱ्या गाडीत टेकलेली. आणि टेकलेली वायर फ्यूज उडवत नाही, कारण त्या वाटेवर फ्यूजच नसतो. ती काही पुरावा मागे न ठेवता गाडी मारते आणि हँडल सरळ झालं की साळसूदपणे बाजूला होते.

एवढं कळूनही माझा संशय किल्लीच्या वायरींवर गेला. किल्लीचा स्विच वरच्या टीवर, म्हणजे हँडल ज्यावर बसतं त्या तुकड्यावर असतो, हँडलबरोबर फिरतो, त्याच्या वायरी मानेपाशी, म्हणजे चेसीत हँडल जिथे फिरतं तिथे, रोज शंभरदा वाकतात. वायरींवरची तीस वर्षांची स्लीव्ह पापडासारखी कडक झाली होती आणि आतल्या दोन वायरी सोललेल्या दिसल्या. मला हवं ते सापडलं होतं. नवी स्लीव्ह, नवे कपलर (वायरी जोडणारे प्लग), साडेतीनशे रुपये. गाळ्यासमोर डावीकडे दहा चकरा मारल्या, पर्वतीच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो. गाडी ठणठणीत.

चौथ्या दिवशी गृहस्थ परत. "तुमचं औषध तीन दिवस लागू पडलं," एवढंच म्हणाले. पुण्यात यापेक्षा मोठ्या आवाजात रागावायची पद्धत नाही.

यावेळी बिघाड वाढला होता. आधी हँडल पूर्ण डावीकडे टेकल्यावर इंजिन मरायचं, आता निम्म्यावरच. पूर्ण वळण माणूस गाडी लावताना नाही तर यू-टर्नला घेतो, तेव्हा वेग नसतो. निम्मं वळण सिंहगड रोडवरून एखाद्या सोसायटीत शिरताना येतं आणि मागून पीएमपीची बस येत असते.

दुसरी फेरी

या वेळी अंदाज बाजूला ठेवला आणि एकेक भाग वेगळा करत गेलो.

सीडीआयपाशी ती बंद करणारी वायर कपलरमधून काढली. यामाहात ती काळी-पांढरी असते, नुसती काळी म्हणजे अर्थ. वायर काढून किक मारली. आता हँडल कुठेही वळवा, इंजिन मरेना. बिघाड याच वाटेवर आहे हे पक्कं झालं. (अशी वायर काढलेली गाडी किल्लीने बंद होत नाही. ब्रेक दाबून, गियर टाकून क्लच सोडायचा. पहिल्यांदा करणारा माणूस इथे घाबरतो.)

मग इंजिन बंद ठेवून मीटर बझरवर लावला, म्हणजे त्याची दोन टोकं कुठे एकमेकांना जोडलेली असली की तो वाजतो. एक टोक काळ्या-पांढऱ्या वायरीला, दुसरं चेसीला. किल्ली मात्र चालू ठेवायची, नाही तर किल्लीच वायर अर्थ करते आणि बझर उगाच वाजत राहतो. हँडल सरळ: शांत. निम्मं डावीकडे: बझर. किल्लीचा कपलर काढून पुन्हा तेच: बझर. म्हणजे मी साडेतीनशे रुपये घेऊन दुरुस्त केलेली किल्ली पहिल्यापासून निर्दोष होती.

आता त्या वाटेवर एकच गोष्ट उरली: उजव्या मुठीजवळचं, इंजिन बंद करायचं लाल बटण. गाडी बांधताना ते नव्याने बसवलं होतं. त्याची वायर पाइपात शिरते, हँडलच्या मध्याजवळच्या भोकातून बाहेर येते आणि टाकीखाली काळ्या-पांढऱ्याला जोडलेली. मीटरचं दुसरं टोक चेसीवरून काढून थेट हँडलच्या पाइपाला लावलं. तरी बझर. वायर पाइपालाच टेकत होती.

इथे मी थोडी हुशारी करायला गेलो. क्लॅम्प सैल करून पाइपाखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे सरकवले, म्हणजे पाइप चेसीपासून तुटेल आणि खात्री होईल. तरी चेसीला लावल्यावर बझर चालूच! पाच मिनिटं डोकं खाजवलं. मग लक्षात आलं, क्लच केबल. केबलची तार लिव्हरमधून पाइपाला आणि खाली इंजिनाला अर्थ देत होती. रबरात बसवलेलं हँडल अर्थपासून सुटं असतं असं धरून चालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पाइपाच्या पोटात काय होतं

मुठी साबणाच्या पाण्याने सोडवल्या, बटणांच्या डब्या उघडल्या, वायरींच्या टोकाला दोरा बांधून त्या मधल्या भोकातून ओढल्या. दोरा बांधणं विसरायचं नाही, नाही तर परत घालताना दिवस जातो.

नऊ वायरी होत्या. सगळ्या लाल. कोणती कशाची हे ओळखायला मला अर्धा तास लागला. साधारण दोन मिलिमीटर जाडीच्या नऊ वायरींचा जुडा सव्वासात मिलिमीटरच्या आसपास होतो, आणि भोक होतं आठचं. भोकाच्या कडेला बसवायचं रबरी कडं, म्हणजे ग्रोमेट, नाही, त्याला जागाच नव्हती. ड्रिल बाहेरून मारलेलं, त्यामुळे बाहेरची कड कानशीने छान गोल केलेली आणि आतली बर, म्हणजे ड्रिलने उठलेली धार, तशीच, बोट लावलं तर रक्त निघेल इतकी धारदार. हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारं आवरण, होतं, पण ते ओल थोपवायला असतं, सुरीपुढे त्याचं काय चालणार? ते आरपार कापलं होतं. खाली त्या लाल बटणाच्या वायरीचं तांबं दोन मिलिमीटर उघडं आणि हिरवट. पावसाचं पाणी आरशासाठी उघड्या ठेवलेल्या टोकातून आत येत होतं. आतमध्ये दोन कच्चे जॉइंटही सापडले, पीळ देऊन टेप गुंडाळलेले, टेपचा गोंद चिकासारखा पातळ झालेला. ते अजून बोलायला लागले नव्हते, पुढच्या पावसाळ्यात लागले असते.

इथपर्यंत कोणीही म्हणेल की भोकाची कड चुकली. माझंही त्या संध्याकाळी तेच मत होतं. पण एक प्रश्न सुटत नव्हता. हँडल वळलं तर पाइप वळतो, बटणं वळतात, भोकही त्यांच्याबरोबर वळतं. भोकाच्या कडेवर वायर घासायला तिला कोणीतरी ओढायला हवं. कोण ओढतंय?

उत्तर हेडलाइटमध्ये होतं, किंवा खरं तर तो नसण्यात. आरएक्सचा मूळ हेडलाइट गोल, खोल डब्याचा. हँडलच्या सगळ्या वायरी त्या डब्यात जातात आणि तिथेच कपलरने मुख्य वायरिंगला जोडल्या जातात. डबा फोर्कवर बसतो, म्हणजे हँडलबरोबरच फिरतो. हँडल ते डबा हे अंतर कधीच बदलत नाही. मानेपाशी वाकते ती फक्त मुख्य वायरिंगची एकच जाड, मऊ स्लीव्हमधली दोरी. कंपनीने हे मुद्दाम तसं ठेवलं आहे.

चपटा एलईडी आला आणि डबा गेला. कपलरना जागा उरली नाही, म्हणून त्यांचा गठ्ठा टाकीखाली नेला. आता पाइपाच्या भोकातून निघालेल्या वायरी मानेच्या उजव्या बाजूने थेट चेसीवर जात होत्या. हँडल डावीकडे वळलं की हँडलची उजवी बाजू पुढे जाते, उजवीकडून गेलेल्या वायरींचं अंतर वाढतं, त्या ताणल्या जातात आणि भोकाच्या कडेवर दाबल्या जातात. नेटकं दिसावं म्हणून त्यांना सैलही सोडलेलं नव्हतं. उजवीकडे वळताना त्या ढिल्या पडत, म्हणून त्या बाजूला कधीच तक्रार नाही.

आणि माझी पहिली दुरुस्ती तीन दिवस का टिकली, तेही उलगडलं. किल्लीच्या वायरी करताना मी टाकी काढली होती आणि तो गठ्ठा दोन बोटं पुढे सरकवून ठेवला होता. ताण गेला, बिघाड लपला. तीन दिवस खड्ड्यांतून फिरल्यावर गठ्ठा मागे घसरला.

बाप-लेकाची सुनावणी

रविवारी दोघं आले. मी सगळा ऐवज वर्तमानपत्रावर मांडून ठेवला होता.

"काका, बाहेरून वायर नेली तर गाडीचा सगळा लूक जातो," मुलगा म्हणाला.

"वायर लपवायची कशाला, लाज वाटते का तिची?" वडील.

माझं स्वतःचं मत वडिलांच्या बाजूचं आहे. रोज हिंजवडीला जाणाऱ्या गाडीच्या वायरी बाहेर असाव्यात, क्लिपांनी पाइपाच्या पुढच्या अंगाला बांधलेल्या. बिघडल्या तर पंधरा मिनिटांत हाताला लागतात. पण आतून वायर नेणं मुळातच चूक आहे, हे मी म्हणणार नाही. मी शिकलो बजाज चेतकवर, आपल्या आकुर्डीच्या. तिच्या हँडलच्या पोटातून वायरीच काय, गियरच्या आणि क्लचच्या केबलीही जात. हार्ले-डेव्हिडसनच्या इंची, म्हणजे २५.४ मिलिमीटरच्या हँडलना अशी भोकं कारखान्यातूनच पाडलेली असतात. तिथे त्रास होत नाही, कारण वायरीची वाट आधी ठरते आणि पाइप तिच्या हिशोबाने घडतो. आपण तयार २२ मिलिमीटरच्या पाइपाला नंतर भोक पाडतो, तेव्हा तो हिशोब आपल्याला करावा लागतो.

मी मुलाला एकच अट घातली: हेडलाइटला डबा हवा. एलईडी तोच ठेव, पण मागे तीन बोटं खोल वाटी असलेलं कवच घे. तो कुरकुरला. मग वडिलांनी विचारलं, "एलईडीच्या मागे काय आहे ते समोरून दिसतं का रे?" विषय संपला.

लाल बटण काढून टाकावं असंही वडिलांचं म्हणणं होतं, त्यांनी तसलं बटण कधी वापरलं नव्हतं. ते मी राहू दिलं. एक्सलेटर अडकला तर किल्लीपर्यंत हात न्यायला वेळ नसतो, अंगठा आधीच तिथे असतो.

नवं काम

जुना पाइप परत वापरायचा नाही असं ठरवलं. भोक क्लॅम्पच्या कडेपासून पाच मिलिमीटरवर होतं. हँडलवर जोर येतो तेव्हा पाइप सर्वात जास्त वाकायला बघतो तो नेमका क्लॅम्पच्या बाहेरच्या कडेला, आणि ज्या पाइपावर ताण आहे त्यात गोल भोक पाडलं की भोकाच्या कडेला ताण साधारण तिप्पट होतो. चीर गेली आहे का हे बघायला रॉकेल आणि खडूची जुनी युक्ती केली: भोकाभोवती रॉकेल लावायचं, पुसायचं, वर खडूची पूड घासायची, चीर असली तर रॉकेल पाझरून ओली रेघ उमटते. रेघ उमटली नाही. तरी तो पाइप मी मुलाच्या हातात परत दिला आणि सांगितलं, टॉवेल वाळत घालायला वापर.

नाना पेठेतून त्याच आकाराचा लोखंडी पाइप आणला. अॅल्युमिनियमचा असता तर भोक पाडायला मी नकारच दिला असता. आधी मुलाला गाडीवर बसवून हँडलचा कोन ठरवला, क्लॅम्पच्या आणि बटणांच्या जागा मार्करने आखल्या, मग पाइप उतरवला. उलट क्रमाने करणाऱ्याचं भोक हमखास डबीच्या बाहेर डोकावतं. मधलं भोक दोन्ही क्लॅम्पच्या बरोबर मध्ये, खालच्या-पुढच्या अंगाला, नऊ मिलिमीटरचं. तिथे वाकण्याचा जोर बाहेरच्या कडेपेक्षा कमी येतो आणि आत शिरलेलं पाणी गळून जायला तीच वाट होते. बटणांच्या डब्यांखालची भोकं लांबट, पाइपाच्या लांबीच्या दिशेने, दोन्ही टोकं गोल. आडवं लांबट भोक पाइप कापत जातं, उभं लांबट त्या मानाने निरुपद्रवी.

खरी मेहनत आतल्या बरीची. कानस तिथे पोहोचत नाही. एका सळईच्या टोकाला करवतीने फाट पाडली, तिच्यात एमरीची पट्टी अडकवली, पाइपाच्या टोकातून आत घातली आणि ड्रिलमध्ये धरून फिरवली. नंतर कापसाचा बोळा आतून भोकावरून ओढला. तंतू अडकला तर बर आहे. चार वेळा अडकला, पाचव्यांदा नाही.

वायर तपकीर गल्लीतून आणली, गाड्यांची पातळ आवरणाची, अर्धा चौरस मिलिमीटरची, बाहेरून साधारण १.६ जाडीची. घरगुती कडक वायर इथे चालत नाही, थडथडीत तिचं तांबं तुटतं. डिपरला रिले (विजेने चालणारा वेगळा स्विच) दिला, त्यामुळे त्याच्या तीन वायरींची एक झाली. डावीकडे सहा: इंडिकेटरच्या तीन, हॉर्न, डिपर, अर्थ. उजवीकडे दोन: लाल बटण आणि त्याची स्वतःची अर्थ. पाइपाला अर्थ म्हणून वापरायचं नाही, क्लच केबलने मला ते पुरेसं शिकवलं होतं. आठ वायरींचा जुडा साडेपाच मिलिमीटरच्या आत बसला, ग्रोमेटचं आतलं तोंड सात. रंग यामाहाचेच ठेवले, पुढच्या मिस्त्रीला शिव्या द्याव्या लागू नयेत म्हणून.

पाइपात एकही जॉइंट नाही. बटणापासून डब्यापर्यंत अखंड वायर, कपलरच्या पिना ती पाइपातून बाहेर आल्यावर दाबल्या. दोरा पाइपात घालायला सायकलच्या ब्रेकची तार उत्तम. ओढताना टाल्कम पावडर लावली. तेल-ग्रीस लावणारे असतात, ते रबराचा ग्रोमेट खातं.

डब्यातून चेसीकडे जाणारी मुख्य दोरी मानेला जितकी चिकटून नेता येईल तितकी नेली. वळणाचा मध्य तिथे असतो, त्यामुळे तिथून जाणाऱ्या वायरीचं अंतर सर्वात कमी बदलतं. हँडल दोन्ही टोकांना टेकवून, जिथे ताण जास्त तिथे बोटभर ढील राहील असं बघून मगच टाय बांधले.

तपासणी अशी: सीडीआयचा कपलर काढून प्रत्येक वायर आणि पाइप यांत मीटर लावला, मुलाला हँडल पन्नास वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलं. बझर गप्प. मग इंजिन चालू करून तेच. यात आवाजाकडेही कान द्यायचा. वळवल्यावर इंजिन चढलं तर एक्सलेटर केबल ताणली जातेय. इंजिन चढत होतं, डावीकडेच. हँडल बदलताना केबल जुन्याच वाटेने राहिली होती आणि वायरींच्या गोंधळात ते कोणी पाहिलं नव्हतं. केबल मानेच्या दुसऱ्या अंगाने वळवून घेतली. शेवटी नळाची पाइप लावून दहा मिनिटं हँडलवर पाणी सोडलं. मधल्या भोकातून थेंब गळत होते, मीटर शांत.

बिलात साडेतीनशे वजा केले. गृहस्थांनी बिल दोनदा वाचलं, पण त्यावर काही बोलले नाहीत.

गणपतीत ते पुन्हा आले होते, प्लग बदलायला. लक्ष्मी रोडच्या गर्दीत सगळीकडे डावीकडे वळून आल्याचं त्यांनी मुद्दाम सांगितलं. मी एक गोष्ट त्यांना तेव्हाच दाखवली. हेडलाइटच्या डब्यात वायरींबरोबर पिवळ्या नायलॉनच्या दोऱ्याची दोन टोकं गाठ मारून ठेवली आहेत. दोन्ही बाजूंना पाइपात तो तसाच पडून आहे. कधी वायर बदलायची वेळ आली, तर नवी त्याला बांधायची आणि ओढायची.